शीमराख्याचं तोंड

कॉमिक कोणाचं, लिहिणाऱ्याचं की काढणाऱ्याचं, हा वाद आमच्या घरात मिठासारखा रोज लागतो. मी या वादात नसते. म्हणजे मला कोणी घेत नाही. गौरेश लिहितो, माझा नवरा साईश चित्रं काढतो, आणि पात्रांच्या तोंडाजवळ जे पांढरे फुगे असतात त्यांत अक्षरं बसवायचं काम माझं. पेडण्याच्या बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, आधार कार्डाच्या झेरॉक्स, आणि त्यातून वेळ उरला की फुगे. वाचक भेटले की गौरेशची सही घेतात, साईशची घेतात. माझ्याकडे येतात ते "संजनावैनी, हंय संडास खंय असा?" विचारायला.

आमच्या कॉमिकचं नाव 'शीमराखा'. शीम म्हणजे गावची हद्द, आणि ती राखणारा तो शीमराखा. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतोच. तो रात्री हद्दीवरून फिरतो. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, पायात करकरणाऱ्या वहाणा. म्हातारी माणसं सांगतात, वहाणांचा आवाज ऐकला, कोणी सांगतं पाठ दिसली. तोंड पाहिलंय असं म्हणणारा आजवर भेटला नाही, आणि भेटला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. गौरेशने या राखणदाराचा सुपरहिरो केला. त्याने दांड्याने रेघ ओढली की ती कोणाला ओलांडता येत नाही, एवढीच त्याची शक्ती. चोरून खनिज नेणारे टिपर, डोंगर कापणारे बिल्डर, मांद्र्याच्या किनाऱ्यावर नको ते विकणारे, सगळे त्या रेघेपाशी येऊन अडतात. बाहेरदेशीचे सुपरहिरो उडतात, आमचा चालतो. पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने तो छापायला घेतला आणि बघता बघता डिचोलीपासून कुडाळपर्यंत पोरंसोरं काठ्यांनी रेघा ओढू लागली.

गौरेश मुळगावचा, डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. दर रविवारी डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आमची बैठक असते. तिथे दोन वाचक न चुकता येतात. सेजल औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि तिला सगळे अंक पाठ आहेत. निखिल बँकेत आहे आणि तो साईशच्या रेषेचा भक्त. पातळ भाजी आणि पाव येईपर्यंत सगळे माणसांसारखे बोलतात. वाद सुरू झाला की मात्र छापील मराठी सुरू होते, "माझ्या नम्र मते" वगैरे. आणि वाद हाताबाहेर गेला की पुन्हा घरची भाषा. कोण हरतंय ते मला भाषेवरूनच कळतं.

"लेखक नसता तर चित्रकाराने काय काढलं असतं?" गौरेश विचारायचा. "आंबा? होडी? कॅलेंडर?"

"आणि चित्रकार नसता तर तुमच्या कथेला शाळेच्या वार्षिकात जागा मिळाली असती," निखिल.

मग साईश हळूच दशावतार मध्ये आणायचा. त्याचे वडील, शिवदासमामा, पेडण्याच्या एका दशावतारी कंपनीत राजाची कामं करायचे. "दशावतारात खंय असा लिवणारो? पुस्तक नाय, कागद नाय. तोंडाक रंग लावन जो उबो ऱ्हवता तोच बोलता, तोच रचता."

"आनी रंग लावच्या आदी 'आज अमकी कथा' म्हणान कोण सांगता?" गौरेशचं उत्तर तयार. "तोच लेखक!"

असं दोन वर्षं चाललं होतं, आणि मला वाटायचं जन्मभर चालेल. मग तो अंक आला.

तोपर्यंत शीमराखा फक्त पाठमोरा दिसत होता. त्या अंकाच्या शेवटच्या पानासाठी गौरेशने चित्रकाराला दोनच शब्द लिहून दिले, 'तो वळतो', आणि फुग्यात एक शब्द, 'कोण?' साईश त्या पानावर कितीतरी दिवस बसला. जेवणात लक्ष नाही, मांद्र्याच्या गेस्टहाउसांचे बोर्ड रंगवायचे पडून राहिले. शेवटी त्याने पानभर तोंड काढलं. साठीचा माणूस, दाढीचे खुंट वाढलेले, एक भिवई दुसरीपेक्षा जरा खाली उतरलेली. रागावलेला नाही. झोपेतून उठून हद्दीवर आल्यासारखा, आणि समोर जो कोणी आहे त्याला ओळखू पाहणारा. सेजल म्हणाली, "हे तोंड बघून भीती वाटत नाही. आपण काय काय केलंय ते आठवतं."

एक गोष्ट माझीही सांगते, दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून. साईशने नेहमीप्रमाणे फुग्याला जागाच ठेवली नव्हती. गौरेशचं म्हणणं होतं, 'कोण?' कपाळावर येऊ दे. तसं केलं असतं तर ती उतरलेली भिवई झाकली गेली असती. मी फुगा उचलून खाली दांड्यापाशी नेला, तेव्हा कुठे ती जगाला दिसली. कोणी विचारलं? नाही.

अंक गाजला आणि वाद पेटला. "वळवलंय मी," गौरेश म्हणायचा. "नुसतो वळवन काय?" साईश म्हणायचा, "तोंड नसता तर तो वळान परत पाठच दाखवी होतो!" दोघेही इतके खुश होते की भांडण थांबवायला कोणी तयार नव्हतं.

त्याच आठवड्यात साईश पेडण्याहून अंकांचं बंडल स्कूटरला बांधून घरी येत होता. आमच्या गावात शिरताना ओढ्यावर एक मोरी लागते, तिच्या कडेला सातविणीचं झाड आणि त्याखाली राखणदाराचा दगड. तिथे एक वासरू आडवं आलं. साईश पडला आणि उजवं मनगट मोडलं. बंडल सुटून अंक रस्ताभर पसरले, आणि काही नेमके शेवटच्या पानावर उघडले. सर्वांत आधी धावून आले ते मधुकरकाका, आमच्या गावाचं गाऱ्हाणं घालणारे. देवाकडे गावाचं मागणं बोलून मांडायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. त्यांनी साईशला उठवून बसवलं, मग रस्त्यावरचे अंक पाहिले, आणि ते एकही न उचलता उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालंच. "कोणी बघूक नाय ता तोंड उगड्यार घातल्यान. मगे राखणदारान हात धरल्यान." शिमेवरच, राखणदाराच्या दगडापाशी, आणि तोच हात. योगायोग म्हणायचा तरी किती गोष्टींना म्हणायचा? मी देव मानते का, असं कोणी विचारलं तर मी परीक्षेच्या आणि ऑपरेशनच्या दिवशी मानते. पण त्या संध्याकाळी देवाजवळ मी एकाऐवजी दोन दिवे लावले, हे खरं.

प्लास्टर निघालं. म्हापशाच्या डॉक्टरांनी मनगट सगळीकडे फिरवून पाहिलं आणि हाड उत्तम बसलंय म्हणून सांगितलं. साईश त्या हाताने जेवू लागला, नारळ सोलू लागला. मग एके सकाळी तो खिडकीजवळच्या मेजावर बसला, कागद घेतला, पेन्सिल धरली. मी चहा घेऊन गेले. पेन्सिलीचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलेलं होतं. मी चहा ठेवला, पाव आणला, परत आले, टोक तिथेच होतं. त्याच्या कपाळावरून घाम गळून कागदावर डाग पडला होता, आणि त्या दिवशी कागदावर उमटलं ते तेवढंच.

"दुखता?" मी विचारलं.

"नाय."

"मगे?"

"खाली टेकाक गेलंय की कोणतरी मनगट धरता," तो म्हणाला.

त्यानंतर रोज तेच. तो मेजाशी बसायचा आणि मी दुकानात बसून त्याचा विचार करायची. एका लग्नाच्या पत्रिकेत मी नवऱ्यामुलाचं नाव नवरीच्या जागी घातलं. फोन वाजला की आधी घरचा आहे का ते बघायची. एकदा फोन पुण्याहून आला. प्रकाशक भला माणूस, आवाज लोण्यासारखा. "साईशसरांची तब्येत आधी. पण अंक किती थांबवायचा? नागपूरचा एक मुलगा आहे, त्याने नमुन्याची पानं काढलीत. अजून दोन आठवडे थांबू, मग सोमवारी ठरवूया." साईशने शीमराखा दोन वर्षं जगवला होता, आणि आता तो त्या सोमवारी दुसऱ्याच्या हातात जाणार होता. बोर्डांची कामं गेली तर पुन्हा मिळतील. पण हा गेला तर साईश पुन्हा पेन्सिल धरणार नाही, हे मला तो जेवायला बसला की त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

रविवारी मी त्याला ओढून डिचोलीला नेलं. वाटलं, माणसांत बसेल, भांडेल, हात सुटेल. नागपूरवाल्याची पानं सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. निखिल भाजी चिवडत म्हणाला, "रेषा स्वच्छ आहे. स्नायू वगैरे…"

"स्नायू कशाला पाहिजेत राखणदाराला?" सेजल उसळली. "कुस्ती खेळायचीय? आणि त्याला वहाणा कळल्याच नाहीत. साईशच्या वहाणा कागदावर करकरतात. ह्याच्या दुकानातून आणल्यासारख्या आहेत."

"पण कांबळं चांगलं जमलंय," निखिल म्हणाला आणि लगेच साईशकडे बघून ओशाळला.

सगळे आता साईशच्या तोंडाकडे बघत होते. त्याने फोन घेतला, पानं एकेक करून पाहिली, आणि फोन उलटा ठेवला. "बरो काडता. तेकाच दिया," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि तसा मी तरी काय केलंय? लिवलेला होता ता काडलंय."

गौरेशचा कप ओठांपाशी थांबला. दोन वर्षं हा माणूस हे वाक्य ऐकायला धडपडत होता. सगळं श्रेय लेखकाचं, हे चित्रकाराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, आणि गौरेशचं तोंड मात्र कोणाचं तरी मयत ऐकल्यासारखं उतरलं. त्याने कप खाली ठेवला. "असां काय बोलतंस रे?" एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी भाजीपाव तसाच निवला आणि छापील मराठीत कोणीच काही बोललं नाही.

इकडे घरी सासूबाईंनी आपला उपाय ठरवला होता. पद्मावतीबाई कमी बोलतात, पण ठरवलं की ठरवलं. त्या मधुकरकाकांकडे जाऊन आल्या. पुढच्या रविवारी सांजेला मोरीवर राखणदाराला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा, नारळ, विडी ठेवायची, आणि गाऱ्हाणं घालून चूक कबूल करायची. प्रकाशकाने दिलेला सोमवार दुसऱ्याच दिवशी. "पण मधुकर म्हणता, नाव होया," त्या म्हणाल्या.

"कसला नाव?"

"चूक कोणाची तेचा. देवाक 'कोणीतरी' चलना नाय म्हणता."

मधुकरकाका पोस्टात होते. मी त्यांना बाजारात गाठून विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. "पत्तो नसलेला टपाल खंय पोचता गे बाय? लिवणाऱ्याची चूक काय काडणाऱ्याची, ता तुमी ठरवा. मी चुकीचा नाव घेवचंय नाय. चुकीचा नाव घेतला तर ता माज्यार येता."

म्हणजे हॉटेलातला वाद आता देवापुढे जाणार होता. तिथे जिंकणाऱ्याचं भाजीपावाचं बिल वाचायचं. इथे जिंकला त्याच्या माथ्यावर राखणदाराचा राग. हसावं की रडावं?

त्या आठवड्यात साईश फक्त एकदा या विषयावर बोलला. उंडे पाव फोडून चहात बुडवता बुडवता म्हणाला, "गौरेशान लिवल्यान म्हणान मी काडलंय, असा सांगलां तर खोटा नाय मगे." मला त्याचा राग आला आणि लगेच दयाही आली. हा माणूस कधी कोणावर ढकलणारा नव्हता, भीतीने त्याला इतका लहान केला होता. राखणदाराची मला भीती वाटत होतीच, पण या वाक्याची त्याहून जास्त वाटली. 'मी फक्त काढलं' म्हणणारा हात पुढे काय काढणार? आणि गौरेशचं नाव गेलं असतं तर ती मैत्री संपली असती. साईशचं गेलं असतं तर हात संपला असता. मी दोन्हीकडून अडकले.

शनिवारी मी गौरेशला फोन केला. तो भडकला. शिकल्यासवरल्या माणसांनी रोट कसले देता, दगडापुढे कबुल्या कसल्या, शाळेत मुलांना मी काय तोंड दाखवू, सगळं त्याने एका दमात म्हटलं. "मी थंय उबो ऱ्हवचंय नाय, वैनी."

"तुजो विश्वास नाय ना? मगे तुका भिया कसला?" मीही चढले. "तू यो, नाय तर यो नको. पण इतकी वर्सां सांगतंस ना, लेखक म्हणजे सगळा? तुज्या दोन शब्दांनी तो इतके दीस त्या मेजार बसलो. आता उठय बघूया तेका."

पलीकडे शाळेची घंटा वाजली. त्याने फोन ठेवला. मला वाटलं, झालं, हाही तुटला.

रविवारी ऊन उतरल्यावर आम्ही मोरीवर जमलो. पंधरावीस माणसं असतील. मोरीच्या कठड्याला पंचायतीने नुकताच चुना मारलेला होता, तो नजरेला बोचत होता. सातविणीखाली तीन दगडांच्या चुलीवर रोट भाजून झाला होता आणि निखारे विझत आले होते. साईश हात पाठीमागे बांधून उभा होता, जसं काही तो हात कोणी तपासायला मागेल. सकाळपासून त्याने तोंडात पाणी घेतलं नव्हतं. मी वळणाकडे बघत होते. अगदी शेवटी गौरेशची मोटारसायकल दिसली. तो आला आणि साईशपासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

मधुकरकाकांनी नारळ दगडापुढे ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली. पोस्टात असताना त्यांचा आवाज काउंटरपलीकडे ऐकू येत नसे. गाऱ्हाण्यात मात्र तो माळावरून फिरून येतो.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या शिमेच्या आत जी काय माणसां, गुरांढोरां, पोरांबाळां असत, ती सगळी तुजी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज शिवदासाच्या घराकडसून तुज्या पायाकडे येणा जाला. तुजा तोंड कोणी बघूक नाय होता, ता कागदार इला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ही चूक ज्या लेकराकडसून जाली, ता लेकरू…" इथे ते थांबले आणि आमच्याकडे वळले. सगळी माणसं वळली. सासूबाईंनी साईशचा दंड धरला. साईशने ओठ ओले केले, एकदा गौरेशकडे पाहिलं, आणि मला कळलं की तो आता तेच बोलणार. लिवलेला होता ता काडलंय.

त्याच्याआधी गौरेश एक पाऊल पुढे झाला.

"माझी चूक," तो म्हणाला.

"अख्खी?" मधुकरकाकांनी विचारलं. "साईशाचो वाटो?"

गौरेशने मान हलवली. नाही. काही नाही.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटला साईश. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याचं तोंड लाल झालेलं.

"वाटो नाय?" तो म्हणाला. आधी हळू, मग मोठ्याने. "माजो वाटो नाय? काकानू, हो खोटा सांगता! देवाच्या तोंडार खोटा सांगता हो! दोन शब्द लिवल्यान ह्येणी, दोन! 'तो वळतो'! वळता म्हणजे कसो वळता? मान आदी काय खांदो आदी? ह्येका इचारा! दाडी खंय लिवलेली? डोळे खंय लिवलेले?"

"साईश," मी म्हटलं. पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता.

"ती भिवय! ती एक भिवय मी अकरा येळा खोडलंय! सरळ ठेयली तर पोलीस दिसा होतो, वर केली तर नाटकातलो राक्षस!" तो चुलीपाशी वाकला, विझलेला एक कोळसा उचलला आणि कठड्याकडे गेला. "खाली व्हयी ती, अशी…"

त्याने पांढऱ्या चुन्यावर रेघ मारली. ती वाकडी गेली, मनगट अजून आखडलेलं होतं. त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली, राखणदारापुढे, आणि दुसरी रेघ मारली. ती बरोबर आली. मग नाक, मग खुंट, मग तो दुसरा डोळा. बोलत होता आणि काढत होता. "हंय जाड, हंय सोडून दिवचा, हंयसर बोटान पुसून घेवचा, कळला? ह्या खंय लिवलेला?" कठड्यावरून तोंड आमच्याकडे बघू लागलं. कोण?

कोणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. साईशला अजून कळलेलंच नव्हतं की तो काय करतोय. मला कळत होतं. हा हात आता थांबतो की काय, वीज पडते की काय, मागून वहाणा करकरतात की काय! काहीच झालं नाही. दूर बाजूच्या वाड्यात पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला आणि साईशने गालाची शेवटची रेघ ओढली.

मग माझ्या तोंडातून जे निघालं त्याचं मला आजही नवल वाटतं. "आणि फुगो मी सरकवलंय!"

"तुजा काय आनी?" मधुकरकाका दचकले.

"ह्यांच्या भरवशार ठेयला असता तर ही भिवय दिसाचीच नाय," मी म्हटलं. "अक्षरां माजी असत. माजाय नाव घाला."

काकांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मग कठड्यावरच्या तोंडाकडे. फार वेळ पाहिलं, एखाद्या ओळखीच्या माणसाला पाहावं तसं. मग पुन्हा हात जोडले.

"तर म्हाराजा, लिवणाऱ्यान लिवल्यान, काडणाऱ्यान काडल्यान, आनी ह्या बायन अक्षरां घातल्यान. तिगांचीय चूक आसा रे म्हाराजा. पोटात घाल. आनी तेंच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज इतका मोठा उठला की सातविणीवरचे कावळे उडाले.

रोट वाटून झाला तेव्हा काकांनी कठड्याकडे हात केला. "आता ता पुसा."

कोणी हललं नाही. पुसणार कोण? साईश तर नाहीच. काकांनी घागरीतलं पाणी एका फडक्यावर ओतलं आणि चारचौघांत एकच माणूस असल्या गोष्टी न मानणारा होता त्याच्या, म्हणजे गौरेशच्या, हातात दिलं. गौरेश कठड्यापर्यंत गेला. तोंडासमोर उभा राहिला. मग फडकं नीट घडी करून घागरीवर ठेवलं. "माका जमाचा नाय," तो म्हणाला. काकांनी नाक फेंदारलं, पण स्वतःही फडकं उचललं नाही.

माणसं पांगली. साईश ओढ्याच्या पाण्याशी उभा राहून अजून धुमसत होता. मी गौरेशच्या मोटारसायकलीपाशी गेले.

"मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

तो हेल्मेटचा पट्टा लावत राहिला.

"'माझी चूक'. दोनच शब्द?"

"जास्त लागणत नाय, वैनी," तो म्हणाला. "काडणारो बरो असलो तर."

हे त्याने दोन वर्षांत एकदाही हॉटेलात म्हटलं नव्हतं, आणि साईश ऐकेल एवढ्या आवाजात आताही म्हटलं नाही. किक मारली आणि गेला.

स्कूटर मी घेतली, साईश मागे बसला. "काय म्हणा होतो तो?"

"काय नाय."

"दोन शब्द लिवता आनी अख्खा आपला म्हणता! उद्या पुण्याक फोन कर. सांग, पानां मीच दितलंय. वहाणा तरी येतत काय त्या नागपूरवाल्याक?"

"करतंय," मी म्हटलं. कोळशाचा हात त्याने माझ्या पाठीवर टेकला होता, ब्लाउज खराब होणार हे नक्की होतं. मोरी मागे पडली तसं त्याचं बोट पाठीवर हलायला लागलं. एक रेघ, मग तिच्याखाली दुसरी. तो काय काढतोय ते मला दिसत नव्हतं. मी स्कूटर हळू चालवली.